तगादा

माझ्या पणजीची शेवटपर्यंत खात्री होती, की लूकच्या शुभवर्तमानातली ती विधवा नेवाशाची. देवाला न भिणाऱ्या आणि माणसाला न जुमानणाऱ्या न्यायाधीशाच्या दारात जी रोज जाऊन उभी राहते, ती. प्रभू येशूनं हा दाखला कुठल्या देशात सांगितला याच्याशी पणजीला कर्तव्य नव्हतं. तिनं तो ऐकला होता कीर्तनात, आणि कीर्तनकारबुवांनी न्यायाधीशाला मामलेदार केलं होतं. त्याच्या पुढ्यात पानाचं तबक, दाराशी पट्टेवाला. बाईच्या नवऱ्याची दोन एकर कोरडवाहू दिरानं लाटलेली. बाई सकाळी कचेरीच्या पायरीवर येते, संध्याकाळी उठते, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. पट्टेवाला हाकलतो. मामलेदार मागच्या दारानं जेवायला जातो, तर ही तिथं उभी! शेवटी तो कंटाळतो आणि लिहून देतो, की घे बाई तुझी जमीन आणि मला सोड.

आजी हे सांगताना मामलेदाराचा आवाज काढायची. तिनं तो तिच्या आईकडून, म्हणजे पणजीकडून उचललेला. पुढे शाळेत असताना मी शास्त्र स्वतः उघडून बघितलं. लूकचा अठरावा अध्याय, पहिली आठ वचनं. त्यात जमीन नाही, दीर नाही, पट्टेवाला नाही. मी आजीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "बाई कचेरीत काय हवा खायला गेली व्हती? जमिनीबिगर कोण जातं?"

या म्हाताऱ्यांनी शास्त्र असं वाचलं, खरं तर असं ऐकलं, याला कारण आहे. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला उतरले. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, मिशननं ठाणं केलं १८३१ मध्ये. ‘ज्ञानोदय’ तिथूनच १८४२ मध्ये निघू लागला. छापखाना होता, शाळा होत्या, पत्रकं होती. पण ज्यांच्या वस्तीत हा धर्म सर्वात जास्त पसरला त्या महारवाड्यात आणि मांगवाड्यात अक्षर वाचणारा माणूस शोधावा लागायचा. छापलेलं शास्त्र तिथपर्यंत नुसतं पोहोचून भागणार नव्हतं. ते गाऊन सांगावं लागणार होतं, आणि गाऊन सांगायची रीत या मुलखात आधीपासून होती. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच नेवासे तालुक्यात, वडाळ्याला, मिशनचं एक मोठं ठाणं. पूर्वरंग, उत्तररंग, मधे अभंग, मागे टाळ धरणारे चारजण, हे सगळं ख्रिस्ती कीर्तनकारांनी जसंच्या तसं उचललं. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांचं नाव जुनी माणसं आजही घेतात. देवळात मृदंग कसा चालेल, असा प्रश्न काहींना पडलाच. पण पेटीवर इंग्रजी चालीची गीतं आणि कीर्तन, यांत महारवाड्यातली बाई कशाला रात्रभर बसेल, हे सांगायला मिशनरी व्हावं लागत नाही.

कीर्तनानं एक निवडही केली, कुणी न ठरवता. पौलाची पत्रं कीर्तनात फारशी येत नाहीत. नीतिमान ठरणं, कृपा, नियमशास्त्र ही चर्चा पाळकसाहेबांनी रविवारी करावी. कीर्तनात यायचे ते दाखले, योसेफाचे भाऊ, रूथ आणि तिची सासू, सारफथची विधवा. रूथच्या गोष्टीत तर पणजीला काही समजावून सांगावंच लागलं नसेल. दुसऱ्याच्या शेतात सुगीनंतर सरवा वेचायला जाणं, मालक बरा निघाला तर चार कणसं जास्त, वाईट निघाला तर शिवी, हे ती स्वतः करत होती. माझं मत विचाराल तर आमच्या लोकांचा ख्रिस्ती धर्म पत्रांच्या आधी गोष्टींवर उभा राहिला आणि त्यानं त्याचं भलं झालं.

पणजीच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला तो काळ कर्जाचा. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन खतं बाहेर काढली आणि जाळली. हे लोण नगरकडे यायला वेळ लागला नाही. पाठोपाठ १८७६ ते ७८ चा दुष्काळ. मग १८९६-९७ चा, आणि लगेच १८९९-१९०० चा. पणजी या शेवटच्या दुष्काळात सात-आठ वर्षांची होती. तिची आठवण एकच होती आणि ती ती सारखी सांगायची: गावात कुत्री भुंकायची थांबली.

या वर्षांत बाप्तिस्मे वाढले. आणि तेव्हापासून आजपर्यंत आमच्या लोकांच्या तोंडावर फेकलं जाणारं वाक्यही तेच, की पोटासाठी बाटले. मी लहानपणी हे ऐकून चिडत असे. आता चिडत नाही. पोटासाठी आलेही असतील, त्यात लाजण्यासारखं काय आहे? योहानाच्या सहाव्या अध्यायात लोक येशूच्या मागे समुद्रापलीकडे जातात, तेव्हा तो त्यांना स्पष्ट सांगतो, की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधताय. पण भाकरी आधी दिलेली असते, हिशेब नंतर. शिवाय आमच्या घराला या व्यवहारात फायदा काय झाला, तेही बघा. बलुतं बंद झालं. येसकरकीची भाकर गेली. भाऊबंदांनी वर्षभर बोलणं टाकलं. दुष्काळ संपल्यावर परत फिरायचं तर वाट मोकळी होती. काही घरं फिरलीही. पणजीचे वडील फिरले नाहीत. का, असं कुणी विचारलं तर ते म्हणायचे म्हणे, की एकदा नाव दिलं ते दिलं.

हे सगळं गोड करून सांगण्यात अर्थ नाही. बाप्तिस्म्यानं जात धुऊन निघाली नाही. आमच्या वस्तीजवळच्या एका गावात मांगवाड्यातून आलेली ख्रिस्ती घरं देवळात मागे बसायची, आणि प्रभुभोजनाचा प्याला आधी कुणाच्या ओठाला लागायचा यावरून कुरबुर व्हायची. पुढे बसणारे आमचेच होते. आजी हे सांगताना मामलेदाराचा आवाज काढत नसे.

तर आता त्या विधवेच्या दाखल्याचा खरा विषय, प्रार्थना. मिशनच्या शाळेत मडमसाहेब जी प्रार्थना शिकवायच्या ती नीटनेटकी होती. डोळे मिटा, हात जोडा, आधी उपकार माना, मग पापाची कबुली द्या, मग मागा, शेवटी आमेन. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि कीर्तनही करायचे. ते अशीच प्रार्थना करायचे, शुद्ध मराठीत, कर्ता-कर्म-क्रियापद जागच्या जागी. आजीला ती जमली नाही. पणजीला तर तिचा गंधही नव्हता.

मत्तयच्या सहाव्या अध्यायात प्रभू सांगतो, की खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे प्रार्थना कर. पणजीचं घर एकखणी. दार एकच, आणि ते लावलं तर आत नऊ माणसं आणि शेळी. तिनं यावर तोड काढली होती. पहाटे जात्यावर बसली की पदर तोंडावर ओढून घ्यायची, आणि दळण संपेपर्यंत तिचं देवाशी जे काय चालायचं ते त्या पदराच्या आत. आजीला लहानपणी वाटायचं आई झोपेत बोलते. जवळ जाऊन ऐकलं तर आई भांडत होती. काल मागितलं ते दिलं नाहीस. परवाचंही बाकी आहे. अमक्याचा ताप उतरला, बरं केलंस, पण खोकला ठेवलास तो कशाला? सावकाराचा माणूस जसा ओसरीवर येऊन तगादा लावतो तसा ती देवाला लावायची. फरक इतकाच, की आयुष्यभर तगादा सोसणारी बाई पहाटेच्या त्या तासात येणेकरी असायची.

हे तिला कुणी शिकवलं? माझ्या मते त्या कचेरीच्या पायरीवरच्या बाईनं. दाखल्याचा हेतू लूक आरंभीच सांगून टाकतो, की सर्वदा प्रार्थना करावी, खचू नये. विद्वान लोक इथं लगेच खुलासा करतात, की देव त्या न्यायाधीशासारखा नाही, उलट आहे. बरोबर आहे. पण प्रभूनं उदाहरण म्हणून निवडलं ते दुष्ट न्यायाधीशाचं आणि चिवट बाईचं, हेही विसरून चालत नाही. दयाळू राजा आणि नम्र प्रजा असा दाखला त्याला सहज सुचला असता.

आणि शास्त्रात ती बाई एकटी नाही. याकोब यब्बोकाच्या उतारावर रात्रभर झोंबतो, आशीर्वाद घेतल्याशिवाय सोडत नाही, आणि सकाळी लंगडत निघतो. हन्ना मंदिरात उभी राहून मनातल्या मनात बोलते, ओठ हलतात, आवाज नाही. एली याजकाला वाटतं बाई प्यालेली आहे. या हन्नेवर आजीचा फार जीव. एकदा नवे पाळकसाहेब आले होते, तरुण, शिकलेले. उपासनेत आजीचे ओठ सारखे हलताना बघून त्यांनी नंतर तिला बाजूला घेतलं आणि सौम्यपणे सांगितलं, की आजीबाई, पुटपुटू नये, इतरांचं लक्ष जातं. आजी म्हणाली, "सलाम पाळकसाहेब. एलीलापन असंच वाटलं व्हतं." आणि चप्पल घालून निघाली. पाळकसाहेबांचा चांगुलपणा असा, की पुढच्या रविवारी त्यांनी हन्नेवरच संदेश दिला.

पण तगाद्याची एक बाजू या गोष्टींत येत नाही. वसुली न होणं. १९१८ मध्ये मानमोडी आली, म्हणजे तो जगभरचा इन्फ्लुएंझा. पाऊसही त्या साली दगा देऊन गेलेला. पणजीची दोन मुलं, आजीच्या पाठची, पाठोपाठ गेली. आजी सहा वर्षांची होती, तिला लख्ख आठवत होतं. दळण चालू होतं, कारण दळल्याशिवाय घर चालत नाही. पण पदर खांद्यावरच. तोंड उघडं, ओठ मिटलेले. बाई देवाशी बोलेनाशी झाली.

मग मिशनची बायबलबाई येऊ लागली. या बायबलबायांवर कुणीतरी सविस्तर लिहायला हवं. बहुतेक विधवा किंवा टाकलेल्या, चार बुकं शिकलेल्या, बगलेत पिशवी घेऊन वाडीवस्तीवर पायी हिंडणाऱ्या. मिशनच्या अहवालांत मिशनऱ्यांची नावं ठळक, यांच्या वाट्याला एखादी ओळ. ही बाई पहिल्या दिवशी आली, पिशवी खुंटीला अडकवली आणि जात्याच्या दुसऱ्या अंगाला बसली. खुंटा दोघींनी धरला. ती गायली नाही, तिनं शास्त्र उघडलं नाही, मुलं प्रभूकडे सुखात आहेत असंही म्हणाली नाही. दळून झालं, उठली, गेली. असं बरेच दिवस चाललं. एका पहाटे पणजीनं तोंड उघडलं ते थेट शिव्यांनी. देवाला. आजी अंथरुणात घाबरून बसली, की आता बायबलबाई रागावणार. बाईनं ऐकून घेतलं. मग पिशवी काढली आणि कंदिलाच्या उजेडात अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं.

दीडशे स्तोत्रांत रडगाणी पुष्कळ आहेत. बहुतेकांचा शेवट तरी सावरतो, देवाची स्तुती होते. अठ्ठ्याऐंशीवं सावरत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. ज्यानं कुणी शास्त्राचं संकलन केलं त्याला ते गाळता आलं असतं. गाळलं नाही. पणजीनं विचारलं म्हणे, हे शास्त्रात आहे? बाई म्हणाली, आहे. पणजीचा पदर दुसऱ्या दिवशी तोंडावर आला असं मी म्हणणार नाही, कारण आजीनं तसं कधी सांगितलं नाही. पुढे केव्हातरी आला एवढंच तिला माहीत.

गेथशेमानेत प्रभूनंही तीनदा तेच मागितलं आणि त्यालाही ते मिळालं नाही. प्रार्थनेचे फायदे सांगणाऱ्यांनी ही बाग जरा सावकाश ओलांडावी.

नाणेफेक केल्यासारखं देवाला आजमावू नये असं आजोबांचं मत होतं, आणि त्यासाठी ते नेहमी केडगावचा दाखला द्यायचे. दौंडजवळचं केडगाव, नगरजवळचं नव्हे. त्यांची एक आत्या तिथं मुक्ती मिशनमध्ये वाढली. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात शेकडो मुली गोळा करून आणल्या, त्यांना रोज दोन वेळा काय घालायचं हा प्रश्न होताच. रमाबाईंवर जॉर्ज म्यूलर या ब्रिस्टलच्या अनाथाश्रमवाल्याचा प्रभाव होता. गरज देवाला सांगायची, लोकांपुढे हात पसरत हिंडायचं नाही, ही त्याची रीत. पण आत्या सांगायची ते वेगळंच. बाई प्रार्थना करून उठल्या की हातात खुरपं असायचं. विहिरी खणल्या, मळा केला, माग बसवले, छापखाना घातला. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना कळेल अशा बेतानं, आणि ते तिथल्या बायकांनीच खिळे जुळवून छापलं. ५ एप्रिल १९२२ ला बाई गेल्या, तेव्हा भाषांतराचं काम हातावेगळं झालेलं होतं. आत्याच्या बोटांना शाईचा वास कायमचा लागला होता, असं आजोबा म्हणत. रमाबाईंच्या प्रार्थनेविषयी पुस्तकं भरून लिहिलं गेलंय. मला त्यातलं हे खुरपं आणि हे खिळे जास्त पटतात.

टिळकांचं मात्र पणजीच्या घरात काही पटलं नसतं, असं मला कधीकधी वाटतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं म्हणतोय. कोकणातला ब्राह्मण, १८९३ मध्ये आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं नवा करार हाती दिला, डोंगरावरच्या प्रवचनानं पकडलं, १८९५ मध्ये बाप्तिस्मा. आमच्याकडे विश्वास आला तो उपासमारीतून आणि कीर्तनातून. टिळकांकडे वाचनातून आणि तुकोबांतून. पण नगर-राहुरीत ते आमच्याच लोकांत येऊन राहिले आणि त्यांनी लिहिलेली गीतं आजी न वाचता शेवटपर्यंत गात होती, तेव्हा माझं वाटणं बहुधा चुकीचं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं नि पणजीचं तर चांगलंच जमलं असतं. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवतं, की या बाईला देवाशीही मुद्द्याचं बोलायची सवय होती.

मी स्वतः जे पाहिलं ते १९७२ च्या दुष्काळातलं. आजी साठीची. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची, मला सोबत न्यायची, कारण तिथं पोरांना सुकडी मिळे. रेशनवर मिलो यायचा, अमेरिकेतली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापता थापता चिरायची. दुपारी सुट्टी झाली की आजी बाभळीखाली बसायची आणि ओठ हलायला लागायचे. नावं. घरातल्यांची, मग वस्तीतल्यांची, मग कामावरच्या बायकांची, शेवटी मुकादमाचं, जो मापात मारायचा. शेजारी पाटलांच्या भावकीतल्या एक काकू बसत. दुष्काळानं त्यांनाही हातोडा दिला होता. एरवी त्या आमच्या वस्तीवर पाऊल टाकत नसत. त्या एकदा हसून म्हणाल्या, "झालं का तुझं मस्टर भरून? माझं नाव घेतलंस का?" आजी म्हणाली, "घेतलं की. मुकादमाच्या आधी."

"मग तुझ्या देवाला सांग पावसाचं."

"तुझ्या-माझ्यात कचेरी येकच हाय, काकू. तूपन अर्ज टाक."

प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे ती फक्त आजची. रानात मान्ना पडायचा तोही त्या दिवसापुरता. उद्यासाठी ठेवला तर किडे. हे मी रविवारच्या शाळेत पाठ केलं होतं. कळलं मात्र त्या कामावर, कारण उद्या काम निघेल की नाही हे मुकादमालाही सांगता यायचं नाही. आजी उद्याचं कधी मागत नसे. ती म्हणायची, उद्या मी हाय ना सांगायला.

पाऊस १९७३ मध्ये झाला. आमच्या वस्तीवर झाला, पाटलांच्या मळ्यात झाला आणि मुकादमाच्याही.

आता प्रार्थनेला माईक आलेत. मैदानात मांडव पडतात. नोकरी, व्हिसा, फ्लॅट यांची यादी पुढे दिली की मोठ्या आवाजात ती वाचली जाते, आणि मिळालं नाही तर तुमचा विश्वास कमी पडला असं सांगून लोकांना घरी पाठवलं जातं. हे मला क्रूर वाटतं. पणजीला दोन मुलं गेल्यावर कुणी असं सांगितलं असतं तर ती परत कधी बोलली नसती. तिला जात्याच्या पलीकडे बसणारी बाई भेटली, हे आमच्या घराचं नशीब.

आजोबांची कीर्तनाची वही माझ्याकडे आहे. शाईचं पाणी झालेलं, कडा कुरतडलेल्या, त्यात नेवाशाच्या मामलेदाराचा पट्टेवालाही आहे. अशा वह्या नेवासे, शेवगाव, राहुरी, सोलापूर, जालना इथल्या कितीतरी घरांत ट्रंकेच्या तळाशी असणार, आणि कौटुंबिक बायबलच्या पहिल्या पानावर जन्ममृत्यूच्या नोंदी असणार, ज्या दुसऱ्या कुठल्याही दप्तरात नाहीत. रद्दीत घालू नका. त्यांचे फोटो काढा, गावाचं आणि माणसाचं नाव लिहून ठेवा. आणि घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर वहीच्या आधी त्यांच्याजवळ बसा. वही अजून काही वर्षं टिकेल.